दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कॅसेट आणली मुकादमांच्या जैनुद्दीननं,
केपटाऊनच्या गोदीतून, अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात.
सोबत एक थर्मास, अत्तराच्या दोन बाटल्या
आणि गावभर सांगायला एक डोंगर, टेबलासारखा सपाट.
थर्मास फुटला. डोंगर कुणाला पटला नाही.
कॅसेट राहिली आमच्या बोटीवर,
केबिनमध्ये, होकायंत्राला टेकून,
बॅटरीच्या दोन वायरींवर जगणाऱ्या टेपरेकॉर्डरात.

गाणारा कुणी गोरा, पातळ आवाजाचा,
सर्दी झालेल्या मास्तरासारखा सावकाश सांगणारा.
पण त्याच्या मागे
दहा-बारा बाप्ये, पोटाच्या तळातून,
जाळं ओढताना आमची माणसं काढतात तसा सूर,
एकानं टाकायचा, बाकीच्यांनी झेलायचा.
गिटार म्हणजे पुळणीवर धावणाऱ्या तुतारी पाखरांची पावलं,
टेकली न टेकली तोवर पुढं.
आणि खालून जाड तारेचा तो आवाज:
भरतीला नांगराचा दोर ताणतो, सुटतो,
पुन्हा ताणतो.

गोमा तांडेल म्हणायचा,
"शब्द काय समजत नाय,
पन हा मानूस एकटा नाय."

कव्हरवर त्या गोऱ्याचा फोटो, नाव ठसठशीत.
बाकीचे आत, घडीच्या कागदावर, मुंग्यांएवढ्या अक्षरात.
मी सातवीत. जैनुद्दीनची चाळशी लावून एकेक नाव लावत बसलो.
एक काही केल्या लागेना.
जैनुद्दीन म्हणाला, "जीभ टाळूला चिकटव आणि सोड,
शेळीला बोलावतोस तशी."
अर्धा दिवस अख्खी बोट
भर दर्यात शेळ्या बोलावत होती.

आमच्याही बोटीच्या नाळीवर शेट्ये सावकाराचं नाव, लाल रंगात.
जाळं कुणी विणलं, फळ्यांच्या फटी कुणी बुजवल्या,
कुठं लिहिलेलं नाही. हे मी बाबांना बोललो.
इंजिनात हात घालूनच ते म्हणाले, "मजुरी मिळाली ना त्यांना?"
मग पाना खाली ठेवून:
"त्या मागच्यांना मिळाली असेल ना रे?"

सालेह राजपुरीचा. केस कुरळे, रंग आमच्याहून एक हात गडद.
त्याला सगळे चिडवायचे, "साल्या, तुझ्या मुलखाचं लागलंय!"
तो बर्फ फोडत म्हणायचा,
"माझा मुलूख मच्छीमार्केटच्या मागे, तिसरं घर.
आजा तिथलाच, आजाचा आजा तिथलाच.
खोटं वाटतं तर पोस्टमनला विचारा."
आणि पुढची लादी.

मग एका रात्री, दिघीच्या खाडीच्या तोंडाशी,
मशीननं टेप खाल्ली.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, बरोबर मधोमध.
कापायचा धीर झाला नाही मला.
चुरगळलेली पट्टी बोटानं सरळ केली,
पेन्सिल घालून गुंडाळली.
त्यानंतर त्या जागी आठ ठेके नुसती खरखर.
आणि त्या खरखरीत, मान वर न करता,
सालेह वाजवायचा बर्फाची पेटी,
दोन तळवे, एक टाच,
ठेक्याच्या किंचित मागे राहून, मुद्दाम,
गाणं परत येईपर्यंत.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मी बॉलपेननं त्या कागदाच्या तळाशी लिहिलं:
"बर्फाची पेटी – सालेह इब्राहिम सिद्दी, राजपुरी."
त्यानं हाताची खवलं पुसून कागद घेतला,
बराच वेळ बघितला.
"अक्षर बरंय," म्हणाला. "आणि मजुरी?"

सालेह पुढं मस्कतला गेला. पत्र नाही.
कॅसेटला बुरशी लागली, बोट भंगारात गेली.
काल जेटीवर पोरानं मोबाईलवर तेच गाणं लावलं,
स्वच्छ, धुतल्या पापलेटासारखं.
ती जागा आली
आणि तिथं चार बायका गायला लागल्या.
गोड होत्या, नाही कसं म्हणू.
पोरगा म्हणाला, "बाबा, हेच मूळ आहे."
असेल.
माझी बोटं मात्र कठड्यावर
ठेके मोजत थांबली सालेहसाठी,
आणि त्या बायका, बिचाऱ्या,
मधे मधे गात होत्या.